शेतावरील ग्लॅम्पिंग

शेतावरील ग्लॅम्पिंग हा कृषी पर्यटनाचा एक प्रकार आहे. प्रत्यक्ष कसल्या जाणाऱ्या शेतावर किंवा पशुपालन चालू असलेल्या जागेवर, पलंग, शेगडी, स्वच्छतागृह आदी सोयींनी सज्ज असलेल्या तंबूत अथवा लहान लाकडी खोलीत पर्यटक काही दिवस मुक्काम करतात आणि शेताचा दिनक्रम जवळून पाहतात. बहुतेक पर्यटक लहान मुले असलेली शहरी कुटुंबे असतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून हा प्रकार प्रामुख्याने ब्रिटन व नेदरलंड्स या देशांत रूढ झाला. शेतीतून मिळणारे उत्पन्न अपुरे व अनिश्चित ठरू लागल्यामुळे शेतकरी कुटुंबांनी त्याचा पूरक व्यवसाय म्हणून स्वीकार केला.

केवळ ग्रामीण परिसरात उभारलेल्या तंबूनिवासाहून हा प्रकार वेगळा आहे. येथे शेती हा मुख्य व्यवसाय असतो आणि पाहुण्यांची सरबराई त्याला जोडलेली असते. हे प्रमाण उलटे झाले, तर पाहण्यासारखे शेतच शिल्लक राहत नाही. या व्यवसायाविषयीचे कायदे, सुरक्षिततेचे नियम आणि त्यावर होणारी टीका यांच्या मुळाशी मुख्यत्वे हाच प्रश्न आहे.

## संज्ञा आणि व्याप्ती

'ग्लॅम्पिंग' हा शब्द 'ग्लॅमरस' आणि 'कॅम्पिंग' या दोन इंग्रजी शब्दांच्या संयोगातून तयार झाला. इ.स. २००५ च्या सुमारास तो ब्रिटिश वृत्तपत्रांतून वापरला जाऊ लागला आणि २०१६ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात त्याचा समावेश झाला. मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. राहुटी, डेरा, शामियाना, कनात असे तंबूशी निगडित शब्द मराठीत पूर्वापार आहेत. परंतु ते छावणी, लष्कर किंवा समारंभ यांच्याशी जोडलेले आहेत. त्यामुळे मूळ शब्दच देवनागरीत लिहिण्याचा प्रघात पडला आहे.

शेताशी संबंधित निवासाचे तीन प्रकार सामान्यतः वेगळे मानले जातात. पहिल्यात पाहुणे शेतकऱ्याच्या घरातच राहतात आणि न्याहारी त्याच्याकडेच करतात. दुसऱ्यात जुने गोठे, कोठारे यांचे रूपांतर करून बांधलेली स्वतंत्र घरे भाड्याने दिली जातात. तिसरा प्रकार ग्लॅम्पिंगचा होय. त्यात पक्के बांधकाम नसते, निवास हंगामी असतो आणि पाहुणे स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

### सुखसोयींनी युक्त तंबू

तंबूतील ऐषआराम नवा नाही. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'मध्ये बादशाही छावणीची रचना, तिच्यातील निरनिराळे डेरे आणि ते वाहून नेण्याची व्यवस्था यांचे सविस्तर वर्णन केले आहे. जून १५२० मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस यांची कॅलेजवळ भेट झाली, तेव्हा उभारलेल्या जरतारी तंबूंमुळे ती भेट 'सोनेरी वस्त्राचे मैदान' या नावाने इतिहासात ओळखली जाते. अशा तंबूंचा उपयोग राजवैभवाच्या प्रदर्शनासाठी होता.

सामान्य माणसाने हौसेखातर तंबूत राहण्याची प्रथा ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी मूळ धरू लागली. टॉमस हायरम होल्डिंग यांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये सायकलवरून भटकंती करणाऱ्या तंबूवासीयांची संघटना स्थापन झाली. त्यांचे 'द कॅम्पर्स हँडबुक' हे पुस्तक १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रथेत शेतकऱ्याची भूमिका मर्यादित, परंतु आवश्यक होती. तंबू ठोकण्यासाठी कुरण आणि रोज लागणारे दूध, अंडी, पाणी त्याच्याकडून मिळत असे.

### शेतावरील श्रमाची सुट्टी

शहरी कुटुंबाने शेतावर जाऊन राहण्याचा एक जुना आणि अगदी निराळा प्रकार इंग्लंडच्या केंट परगण्यात होता. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप वेलीची फुले खुडण्यासाठी दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत लंडनच्या पूर्व भागातील हजारो गरीब कुटुंबे मुलाबाळांसह तेथे जात. मुक्काम शेतमालकाने दिलेल्या साध्या खोप्यांत असे. अंथरूण गवताचे आणि स्वयंपाक उघड्यावरच्या चुलीवर होई. काम कष्टाचे आणि मजुरी कमी असली, तरी धुराने कोंदलेल्या शहराबाहेर काढलेले हे दिवस म्हणजेच अनेक कुटुंबांची वर्षातील एकमेव सुट्टी असे. लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३१ मध्ये हे काम स्वतः केले आणि त्या अनुभवाचा उपयोग 'अ क्लर्जीमन्स डॉटर' (१९३५) या कादंबरीत केला. दुसऱ्या महायुद्धानंतर फुले खुडण्याची यंत्रे आली आणि ही प्रथा लोपली.

पूर्वीचे कुटुंब शेतावर मजुरी मिळवण्यासाठी जात होते; आजचे कुटुंब शेत पाहण्यासाठी पैसे मोजते. दोन्हींच्या मधल्या काळात शेतीचे यांत्रिकीकरण झाले आणि बहुसंख्य शहरी कुटुंबांचा शेतीशी असलेला प्रत्यक्ष संबंध तुटला.

### पूरक व्यवसाय म्हणून उदय

ब्रिटनमधील शेतनिवास चालवणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना १९८३ मध्ये स्थापन झाली. ती पुढे 'फार्म स्टे यूके' या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, युरोपीय समुदायाने दुधाच्या उत्पादनावर कोटा पद्धती लागू केली. अधिक दूध काढून उत्पन्न वाढवण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. ही पद्धती २०१५ पर्यंत टिकली.

पर्यटन आणि शेती एकमेकांवर किती अवलंबून आहेत, हे २००१ मधील लाळ्या-खुरकुत रोगाच्या साथीने दाखवून दिले. फेब्रुवारीत रोग उघडकीस आल्यावर त्याचा प्रसार रोखण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. ग्रामीण भागातील पायवाटा लोकांसाठी बंद करण्यात आल्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार या साथीमुळे सरकारी तिजोरीवर तीन अब्ज पौंडांहून अधिक, तर खासगी क्षेत्रावर पाच अब्ज पौंडांहून अधिक भार पडला. खासगी क्षेत्रातील नुकसानीत पर्यटनाचा वाटा मोठा होता. माणसे गावाकडे येणे थांबले की गावाचे अर्थकारण कोलमडते, ही गोष्ट धोरणकर्त्यांच्या लक्षात आली.

याच दशकात नेदरलंड्समध्ये 'बुरेनबेड' (अर्थ : शेतकऱ्याचा पलंग) या नावाने शेतावर सज्ज तंबू उभारण्याचा उपक्रम सुरू झाला. तो पुढे 'फेदर डाउन' या नावाने ब्रिटनमध्ये पोहोचला. तंबू, सामान आणि जाहिरात यांची जबाबदारी कंपनीकडे, तर जागा आणि पाहुण्यांची देखभाल शेतकऱ्याकडे, अशी त्याची विभागणी होती. पुढे अनेक शेतकऱ्यांनी स्वतःच तंबू घेऊन स्वतंत्रपणे हा व्यवसाय सुरू केला.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर इंग्लंडमध्ये जमिनीच्या क्षेत्रफळानुसार मिळणारे थेट अनुदान २०२१ पासून टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले. त्यामुळे पूरक उत्पन्नाची गरज आणखी वाढली. इंग्लंडमधील सुमारे दोन तृतीयांश शेतांवर शेतीबाहेरचा एखादा तरी जोडव्यवसाय चालतो. त्यांत शेतावरच्या इमारती भाड्याने देणे हा सर्वांत प्रचलित जोडव्यवसाय आहे.

## निवासाचे प्रकार

* सफारी तंबू : पूर्व आफ्रिकेतील शिकारी व वनपर्यटन छावण्यांतील तंबूंवरून घेतलेला प्रकार. लाकडी तक्तपोशीवर जाड कॅनव्हास ताणून तो उभारतात. आत दोन-तीन झोपण्याच्या खोल्या, जेवणाचे मेज आणि लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी असते. कुटुंबांसाठी हाच प्रकार अधिक सोयीचा ठरतो.
* घंटाकृती राहुटी : मध्यभागी एकच खांब असलेला गोल तंबू. क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) ब्रिटिश सैन्य असे तंबू वापरत असे. तो उभारण्यास सोपा व तुलनेने स्वस्त असतो.
* यर्ट : मध्य आशियातील भटक्या पशुपालकांचे गोल घर. लाकडी जाळीचा सांगाडा आणि त्यावर लोकरीच्या नमद्याचे आच्छादन अशी त्याची रचना असते. किरगिझ व कझाक यर्ट बनवण्याच्या पारंपरिक ज्ञानाचा समावेश युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.
* मेंढपाळाची खोपी : लोखंडी चाकांवरची, पन्हळी पत्र्याची लहान खोली. मेंढ्या विण्याच्या हंगामात मेंढपाळाला रात्रंदिवस कळपाजवळ राहता यावे म्हणून ती ओढून कुरणात नेत. एकोणिसाव्या शतकात तिचा वापर विशेष होता. आज तशाच घाटाच्या नव्या खोप्या पर्यटकांसाठी बनवल्या जातात.
* पॉड : उलट्या होडीच्या आकाराची लाकडी खोली. तिला तंबूपेक्षा थंडी-पावसापासून अधिक संरक्षण मिळत असल्याने ती हंगामाबाहेरही भाड्याने देता येते.

## मुक्कामाचे स्वरूप

मुक्काम साधारणतः तीन, चार किंवा सात रात्रींचा असतो. पाहुणे आल्यावर शेतकरी त्यांना शेतातून फिरवतो आणि कोठे मोकळेपणी जाता येईल, कोठे परवानगी घेऊन जावे आणि कोठे मुळीच जाऊ नये, हे दाखवून देतो. अनेक ठिकाणी तंबूत वीज नसते. कंदील किंवा मेणबत्त्यांचा उजेड, लाकडाची शेगडी आणि हाताने दळायची कॉफीची चक्की या वस्तू मुद्दाम ठेवलेल्या असतात. चहासाठी पाणी उकळायचे तर आधी लाकडे फोडून विस्तव पेटवावा लागतो. त्यामुळे साध्या न्याहारीलाही तासभर लागतो आणि घरातील सर्वांना काहीतरी काम मिळते.

मुलांसाठी दिवसाची सुरुवात बहुधा खुराड्यातील अंडी गोळा करण्याने होते. कोंबड्या, शेळ्या, डुकरे यांना चारा-पाणी घालणे, आईविना राहिलेल्या कोकरांना बाटलीने दूध पाजणे आणि गायींची धार काढताना पाहणे ही नेहमीची कामे होत. दुधाच्या व्यवसायात साधारणतः पहाटे आणि दुपारनंतर अशी दोन वेळा यंत्राने धार काढली जाते. पाहुण्यांची ओळख बहुधा दुपारच्या वेळेशीच होते. शेतावर पिकलेली भाजी, अंडी, मांस आणि घरचा मुरांबा यांचे लहान दुकान असते. तेथे विक्रेता नसतो. घेतलेला जिन्नस वहीत लिहून पैसे डब्यात टाकायचे, अशी विश्वासावर चालणारी पद्धत अनेक ठिकाणी दिसते.

शेताचे वर्ष आणि शाळेचे वर्ष यांचा मेळ मुक्कामाचे स्वरूप ठरवतो. ब्रिटनमध्ये ईस्टरची सुट्टी मार्च-एप्रिलमध्ये येते आणि याच दिवसांत बहुतेक मेंढ्या वितात. मेच्या अखेरीस आठवड्याची सुट्टी असते. तेव्हा मुरघासासाठी गवताची कापणी चालू असते आणि लोकर कातरण्याचे दिवसही जवळ आलेले असतात. इंग्लंडमधील शाळांची सुमारे सहा आठवड्यांची मोठी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात सुरू होते. गहू व जव यांची कापणीही याच काळात येते. त्यामुळे पाहुण्यांची सर्वाधिक गर्दी आणि शेतातील सर्वाधिक काम एकाच वेळी येते.

मुलांना येथे मिळणारे शिक्षण केवळ आनंददायक नसते. जन्मलेल्या कोकरांपैकी काही दगावतात. नर वासरे व डुकराची पिले मांसासाठीच वाढवली जातात. कालपर्यंत ज्या डुकराला चारले ते पुढे खाटीकखान्यात जाणार आहे, असे मुलाने विचारल्यावर सांगावे की नाही, हा प्रश्न पालक आणि शेतकरी या दोघांपुढे येतो. अनेक शेतकरी सरळ उत्तर देणे पसंत करतात. अन्न कोठून येते हे समजावे, हा अशा मुक्कामाचा एक हेतू मानला जातो आणि हा भाग वगळल्यास ती समज अपुरी राहते.

## शेतकरी कुटुंबाचे काम

पाहुण्यांच्या व्यवस्थेचा भार बहुतांशी घरातल्याच माणसांवर पडतो. एक कुटुंब सकाळी निघून गेले आणि दुसरे दुपारी येणार असले, तर मधल्या काही तासांत चादरी बदलणे, शेगडीतील राख काढणे, लाकडे भरणे, भांडी तपासणे आणि स्वच्छतागृह धुणे एवढी कामे उरकावी लागतात. शुक्रवार व सोमवार हे अदलाबदलीचे वार असल्यास त्या दिवशी शेतातील अन्य कामे मागे पडतात. विचारपूस, पत्रव्यवहार, हिशेब आणि पाहुण्यांनी लिहिलेल्या अभिप्रायांना उत्तरे देणे ही कामे रात्री केली जातात. शेतीच्या ताळेबंदात या श्रमांची नोंद स्वतंत्रपणे होतेच असे नाही. त्यामुळे जोडव्यवसायाचा नफा कागदावर असतो त्यापेक्षा कमी असू शकतो.

प्रारंभीचा खर्चही लक्षणीय असतो. तंबू, तक्तपोशी आणि सामान यांव्यतिरिक्त पाण्याची वाहिनी, मैलापाण्याची व्यवस्था, वाहनतळ आणि खडीचा रस्ता यांवर मोठी रक्कम खर्च होते. कॅनव्हास ऊन, ओल आणि बुरशीने खराब होतो आणि काही वर्षांनी बदलावा लागतो. हंगाम साधारणतः एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच असतो. इंग्लंडमधील सुमारे एक तृतीयांश शेतजमीन खंडाने कसली जाते. अशा कुळांना बिगरशेती व्यवसायासाठी जमीनमालकाची संमती घ्यावी लागते आणि ती मिळेलच असे नसते.

दुसरीकडे, पाहुण्यांकडून मिळणारी रक्कम बहुधा आगाऊ मिळते आणि दुधाच्या किंवा धान्याच्या दराप्रमाणे ती बाजाराच्या चढउतारावर अवलंबून नसते. शेतमालाचा भाव इतर लोक ठरवतात, तर तंबूचे भाडे शेतकरी स्वतः ठरवतो. पुढच्या पिढीतील एखाद्या मुलाला किंवा मुलीला शहरात न जाता शेतावरच उपजीविका मिळू शकते, हेही या व्यवसायाकडे वळण्याचे एक कारण आहे.

## आरोग्य आणि सुरक्षितता

शेत हे कामाचे ठिकाण असते आणि तेथे यंत्रे, जनावरे व खड्डे असतात. घरच्या मुलांना परिचित असलेले धोके पाहुण्यांच्या मुलांना ओळखता येत नाहीत. म्हणून सुरक्षिततेच्या सूचना शेतावरील ग्लॅम्पिंगचा अविभाज्य भाग मानल्या जातात.

### जनावरांपासून होणारे संसर्ग

गाई, मेंढ्या व शेळ्या यांच्या आतड्यांत ई. कोलाय ओ१५७ हा जिवाणू असू शकतो. जनावर आजारी दिसत नाही. परंतु त्याच्या शेणातील अत्यल्प जिवाणूही माणसाला आजारी करण्यास पुरेसे ठरतात. पाच वर्षांखालील मुलांमध्ये त्यामुळे मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. इंग्लंडच्या सरे परगण्यात २००९ मध्ये पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या एका शेतावरून पसरलेल्या साथीत ९३ जणांना या जिवाणूची बाधा झाली. त्यांत लहान मुलांची संख्या अधिक होती. लक्षणे बहुधा तीन-चार दिवसांनी दिसू लागतात. तोपर्यंत कुटुंब घरी परतलेले असल्यामुळे आजाराचा शेताशी असलेला संबंध लक्षात येण्यास उशीर होऊ शकतो. रक्तमिश्रित जुलाब झाल्यास डॉक्टरांना शेतावरील मुक्कामाची माहिती द्यावी, असा सल्ला त्यामुळे दिला जातो.

जनावरांना हात लावल्यावर, कुंपणाला स्पर्श केल्यावर आणि मळलेले बूट काढल्यावर साबण व वाहत्या पाण्याने हात धुणे हा यावरील मुख्य उपाय आहे. हात निर्जंतुक करणारे द्रव वा जेल त्याला पर्याय ठरत नाहीत, कारण शेणामातीने माखलेल्या हातांवर त्यांचा पुरेसा परिणाम होत नाही. गर्भवती स्त्रियांनी विणाऱ्या मेंढ्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरे यांच्यापासून दूर राहावे, अशी ब्रिटनमधील आरोग्य यंत्रणांची सूचना आहे. मेंढ्यांमधील काही संसर्गांमुळे गर्भपात होण्याची शक्यता असते.

### विषारी वायू आणि आग

लाकूड किंवा कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन वायू तयार होतो. विझत आलेली कोळशाची शेगडी ऊब मिळावी म्हणून तंबूत घेतल्यामुळे मृत्यू झाल्याच्या घटना ब्रिटनमध्ये घडल्या आहेत. तंबूतील शेगडीला बाहेर जाणारे धुराडे असणे, हवा खेळती ठेवणे आणि वायूची सूचना देणारे यंत्र बसवणे आवश्यक मानले जाते. हा धोका मेंढपाळांना पूर्वीपासून माहीत होता. टॉमस हार्डी यांच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' (१८७४) या कादंबरीत मेंढपाळ गॅब्रिएल ओक खोपीची झरोकी उघडी ठेवण्यास विसरतो, आत शेगडी पेटलेली असल्यामुळे गुदमरतो आणि नायिका बाथशीबा त्याला वाचवते.

### यंत्रे, खड्डे आणि गुरे

ब्रिटनमधील १९९८ च्या नियमांनुसार शेतीकामात वापरल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरवर १३ वर्षांखालील मुलाला चालक किंवा प्रवासी म्हणून बसवणे बेकायदेशीर आहे. मुलांना ट्रॅक्टरवर बसण्याची हौस असते आणि पूर्वी ती सर्रास पुरवली जाई; परंतु शेतावरील अपघाती मृत्यूंमुळे हा नियम करावा लागला. शेण व मूत्र साठवण्याच्या खड्ड्यांवर साय धरते आणि ती घट्ट जमिनीसारखी दिसते. असे खड्डे ढवळताना हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू बाहेर पडतो. त्यामुळे त्यांना कुंपण घातलेले असते.

वासरे सोबत असलेल्या गाई एरवी शांत असल्या तरी कुत्रा दिसताच अंगावर धावून येण्याची शक्यता असते. अशा वेळी कुत्र्याची साखळी सोडून द्यावी व स्वतः बाजूला व्हावे, असे सांगितले जाते. गाय कुत्र्याचा पाठलाग करते आणि कुत्रा माणसापेक्षा वेगाने निसटू शकतो.

## कायदेशीर चौकट

इंग्लंडमध्ये नियोजन परवानगीशिवाय शेतजमिनीवर वर्षातून २८ दिवसांपर्यंत तंबू उभारण्याची मुभा दीर्घकाळ होती. कोविड-१९ च्या साथीत परदेश प्रवास थांबल्यामुळे देशांतर्गत सहलींची मागणी वाढली. तेव्हा ही मर्यादा तात्पुरती ५६ दिवस करण्यात आली. जुलै २०२३ पासून स्वतंत्र तरतूद करून वर्षातून ६० दिवस आणि जास्तीत जास्त ५० जागा अशी मर्यादा ठरवण्यात आली. त्यासाठी स्थानिक नियोजन प्राधिकरणाला दरवर्षी पूर्वसूचना द्यावी लागते आणि स्वच्छतागृहे व कचऱ्याची व्यवस्था करावी लागते. विशेष शास्त्रीय महत्त्वाची स्थळे व संरक्षित प्राचीन वास्तूंच्या जागी ही मुभा नाही. याहून अधिक काळ तंबू ठेवायचे असल्यास रीतसर परवानगी घ्यावी लागते. चाकांवरील मेंढपाळाची खोपी सामान्यतः १९६० च्या कायद्यातील 'कॅरव्हॅन' या व्याख्येत बसते. त्यामुळे दिसायला साधी असली तरी तिला तंबूंहून वेगळे नियम लागू होतात. विहीर किंवा झऱ्याचे पाणी पाहुण्यांना पुरवले जात असल्यास ते २०१६ च्या खासगी पाणीपुरवठा नियमांनुसार तपासले जाते.

शेती मुख्य आणि पर्यटन पूरक हे तत्त्व इटलीच्या कायद्यात स्पष्टपणे आढळते. तेथे १९६५ मध्ये 'ॲग्रीतुरिस्त' ही संघटना स्थापन झाली. ५ डिसेंबर १९८५ च्या कायद्याने या व्यवसायाला पहिली राष्ट्रीय चौकट मिळाली आणि २००६ मध्ये नव्या कायद्याने तिची जागा घेतली. या कायद्यानुसार पाहुण्यांची व्यवस्था केवळ शेतकरी करू शकतो आणि त्याच्याकडील शेतीचे काम पर्यटनाच्या कामापेक्षा अधिक असावे लागते. ही तुलना करताना विशेषतः प्रत्येक कामासाठी लागणारा वेळ विचारात घेतला जातो. पाहुण्यांची संख्या दहापेक्षा अधिक नसल्यास शेतीच मुख्य असल्याचे गृहीत धरले जाते. ब्रिटनमध्ये अशी व्याख्या नसल्यामुळे, दोन शेळ्या व चार कोंबड्या ठेवलेल्या निवासालाही 'शेत' म्हणून जाहिरात करता येते.

## टीका

ग्लॅम्पिंगवर घेतला जाणारा पहिला आक्षेप त्याच्या खर्चाविषयी आहे. सज्ज तंबूतील आठवड्याचे भाडे साध्या तंबूच्या जागेपेक्षा कितीतरी अधिक असते. ग्रामीण जीवन पाहण्याची संधी त्यामुळे मुख्यतः सुस्थितीतील कुटुंबांनाच मिळते. दुसरा आक्षेप शेतीच्या सजावटीकरणाचा आहे. पाहुण्यांना आवडतील अशी लहान, देखणी जनावरे ठेवली जातात. फवारणी, शेणखताचा वास, पहाटेचा यंत्रांचा आवाज यांविषयी तक्रारी होतात आणि शेतकरी आपले काम पाहुण्यांच्या सोयीने करू लागतो. तिसरा आक्षेप शेजाऱ्यांचा असतो. अरुंद रस्त्यांवरील वाहने, रात्रीचा गोंगाट आणि उघडी राहिलेली फाटके यांचा त्रास पर्यटनातून काहीही न मिळणाऱ्या शेजारच्या शेतकऱ्यांना सोसावा लागतो.

समर्थकांच्या मते, जोडव्यवसायाअभावी अनेक लहान शेते विकली जाऊन मोठ्या शेतांत विलीन होतात आणि तुलनेने तंबूंचा उपद्रव किरकोळ आहे. तंबू उचलल्यावर कुरण पुन्हा चराईला देता येते, हा पक्क्या बांधकामाच्या तुलनेत या प्रकाराचा लाभ असल्याचेही सांगितले जाते.

## बालसाहित्यातील चित्रण

शेताजवळ तंबू ठोकून राहणारी मुले हा इंग्रजी बालसाहित्याचा परिचित विषय आहे. आर्थर रॅन्सम यांच्या 'स्वॉलोज अँड ॲमेझॉन्स' (१९३०) मध्ये तळ्यातील बेटावर राहणारी भावंडे दुधासाठी काठावरच्या शेतावर जातात. एनिड ब्लायटन यांच्या 'फेमस फाइव्ह' मालिकेतील 'फाइव्ह गो टू बिलीकॉक हिल' (१९५७) मध्ये मुले डोंगरावर मुक्काम करतात आणि खाद्यपदार्थ पायथ्याच्या शेतावरून आणतात. या पुस्तकांवर वाढलेल्या पालकांना आपल्या मुलांसाठी तसाच अनुभव हवा असतो आणि ग्लॅम्पिंगच्या जाहिरातींत अशा बालपणाचा उल्लेख वारंवार आढळतो. मात्र पुस्तकांतील मुले मोठ्यांच्या देखरेखीविना राहतात, तर आजच्या शेतावर तसे राहण्यास वाव नसतो.

## महाराष्ट्रातील कृषी पर्यटन

महाराष्ट्रात शेतावरील मुक्काम 'कृषी पर्यटन' या नावाने विकसित झाला. २००५ मध्ये पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटन विकास संस्थेची स्थापना केली आणि पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यात पहिला प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार वैयक्तिक शेतकरी तसेच शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करू शकतात.

येथील केंद्रांचे स्वरूप युरोपीय ग्लॅम्पिंगहून वेगळे आहे. पाहुणे स्वतः स्वयंपाक करत नाहीत. यजमानांच्या घरचे पिठले-भाकरी, ठेचा, भरीत असे जेवण हाच मुक्कामाचा मुख्य भाग असतो. एका दिवसाची सहल अधिक प्रचलित आहे. हिवाळ्यात कोवळ्या ज्वारीच्या हुरड्यासाठी पाहुण्यांना शेतावर बोलावण्याची जुनी रीत या व्यवसायाला सहज जोडली गेली. मुक्कामासाठी बहुधा खोल्या असतात. तंबूनिवास काही ठिकाणी आढळतो. मात्र जून ते सप्टेंबर या काळातील पावसामुळे, विशेषतः सह्याद्रीच्या परिसरात, कॅनव्हासचे तंबू वर्षभर ठेवणे कठीण जाते.

अनेक शहरी मराठी कुटुंबांचे गाव एक-दोन पिढ्यांपूर्वीच सुटले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी जाण्याचा अनुभव ज्या मुलांना मिळत नाही, त्यांच्यासाठी कृषी पर्यटन केंद्रे तो पैशांच्या मोबदल्यात उपलब्ध करून देतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहुण्यांकडून मिळणारी रक्कम पावसावर थेट अवलंबून नसते. मात्र पीक उभे नसेल, विहीर आटलेली असेल आणि जनावरे विकली गेली असतील, तर पाहुण्यांना दाखवण्यासारखे काही उरत नाही. त्यामुळे येथेही पर्यटनाचे उत्पन्न शेती टिकवण्यास हातभार लावते; शेतीची जागा घेऊ शकत नाही.

## हेही पहा

* कृषी पर्यटन
* ग्रामीण पर्यटन
* यर्ट
* लाळ्या-खुरकुत रोग
* हुरडा